टीव्हीतली सातारची बाई

साताऱ्याच्या एमआयडीसीत शेतीपंपाच्या मोटारी बनवणारी एक कंपनी होती. तिच्या वाइंडिंग खात्यात मी कामाला होते. मोटारीच्या पोटात एक लोखंडी कडं असतं, त्याला स्टेटर म्हणतात. त्याच्या खाचांत तांब्याच्या तारेची वेटोळी बोटांनी बसवायची, बांबूच्या चपट्या पट्टीनं आत सारायची, दोऱ्यानं आवळून बांधायची आणि मग सगळं व्हार्निशमध्ये बुडवून भट्टीत भाजायचं, असं ते काम. तारेवरचं पातळ आवरण नखानं जरी खरवडलं गेलं तरी पुढं कुठल्यातरी विहिरीवर ती मोटार जळणार. खात्यात सगळ्या बायकाच. बायकांची बोटं बारीक असतात म्हणून, असं साहेब लोक सांगायचे. आमच्या काकी म्हणायच्या, "बोटं न्हाईत बारीक. तोंडं बारीक हाईत आपली, म्हून ठेवल्यात."

काकी म्हणजे खात्यातल्या सगळ्यात जुन्या. रोज रहिमतपूरहून एसटीनं यायच्या. मला काम त्यांनीच शिकवलं. मी माणदेशातली, मेंढरं राखणाऱ्या घरातली. दहावी झाले, लग्न होऊन साताऱ्यात आले. नवरा गॅरेजात होता. सुरुवातीला तारेनं बोटं कापायची, रडू यायचं. काकी बोटांना खोबरेल लावायच्या आणि पुन्हा तीच खाच भरायला बसवायच्या. वर्षभरात माझा हात बसला. त्यानंतर एखादं वाइंडिंग पूर्ण करून हातात घेतलं, की चुलीवर पहिल्यांदा जमलेली भाकरी बघावी तसं वाटायचं.

कंपनीचा दुसरा कारखाना पलूसला होता. तिथं लोखंडाचं काम व्हायचं, आमची वाइंडिंग टेम्पोनं तिथं जायची आणि मोटारीला पंप जोडून माल बाहेर पडायचा. दोन्ही कारखाने एकाच मालकाचे, पण बोलणं म्हणजे नुसती भांडणं. तिकडून फोन यायचा, सातारचं वाइंडिंग जळतंय. आमचे फोरमन सांगायचे, पलूसवाले माल आदळतात. तिकडचे म्हणायचे, सातारच्या बायका गप्पा मारत तारा भरतात. हे सगळं फिरत फिरत आमच्यापर्यंत यायचं ते शिव्या होऊनच. आम्ही पलूसच्या माणसांची तोंडंही पाहिली नव्हती, तरी त्यांचा राग यायचा.

अशात कंपनीत नवीन मॅडम आल्या. पुण्याच्या, वयानं माझ्याएवढ्याच. कामगारांच्या अडीअडचणी बघायच्या, असं त्यांचं काम. याआधी ते काम बघणारे साहेब केबिनच्या बाहेर पडत नसत. मॅडम पहिल्या आठवड्यातच आमच्या बाकावर येऊन बसल्या, स्टेटर हातात घेतला, एक खाच भरायचा प्रयत्न केला आणि बोटाला तार लागून "आई गं" म्हणाल्या. आम्ही हसलो. त्याही हसल्या. जेवायच्या सुट्टीत आमच्यात बसू लागल्या. माझ्या डब्यातली बाजरीची भाकरी आणि ठेचा त्यांना फार आवडायचा. मी एक भाकरी जास्तीची आणू लागले.

एक दिवस त्या व्हिडिओ कॅमेरा घेऊन आल्या. लग्नात शूटिंगवाल्याच्या खांद्यावर असतो तसला, पण लहान, हातात मावणारा. म्हणाल्या, "फोनवर भांडून काही होत नाही. तुम्ही काय करता ते त्यांना दाखवा, ते काय करतात ते आपण बघू. फिल्म छोटी करायची. कँटीनमधला चहा संपायच्या आत ती संपली पाहिजे, आणि ती तुम्हीच काढायची. साहेबांनी नाही, मीही नाही."

कॅमेरा कुणी हातात घेईना. काकींनी मला पुढं ढकललं. "हिला द्या. ही बोलत न्हाई, नुसती बघत बसती."

खरंच होतं ते. आमच्या घरात बघणं हेच काम. वडील कळपातलं एकेक मेंढरू तोंडावरनं ओळखायचे, कुठलं लंगडणार ते कळप चालायला लागायच्या आधी सांगायचे. मॅडमनी बटणं दाखवली, कॅमेरा कसा स्थिर धरायचा ते दाखवलं. दोन-तीन दिवस मी नुसत्या भिंती आणि छताचे पंखे काढत होते. मग एका दुपारी काकी दोरा बांधत होत्या, त्यांच्या तोंडावर ऊन आलं होतं, ते काढलं. कँटीनच्या टीव्हीवर ते लावल्यावर काकींनी पदर तोंडाला लावला. "अगं बया, मी अशी दिसती व्हय? म्हातारी झाली की गं." पण दोनदा लावायला सांगितलं.

पलूसलाही मॅडमनी असाच एक कॅमेरा दिला होता. तिकडं तो जोडकाम करणाऱ्या एका बाईच्या हातात पडला. तिची पहिली कॅसेट टेम्पोबरोबर आली ती शनिवारी चहाच्या वेळी लावली. पडद्यावर मुंग्या आल्या, मग एक रुंद चेहरा, पुढचा दात थोडा तुटलेला, हातात हिरव्या बांगड्या. ती कॅमेऱ्यात बघून म्हणाली, "आवं सातारच्या बायानु, राम राम. तुमची कॉइल लय चांगली हाय, उगं खोटं कशाला बोलू. पर आमच्याकडं येती तवा तिची काय दशा होती ते तुमीच बघा. मी म्हणलं, मॅडम, हेच दाखवती." आणि तिनं दाखवलं. टेम्पो थांबला, दोन माणसांनी आमचे स्टेटर उचलून खडीवर टाकले. एकानं तर आम्ही जिवापाड जपलेल्या तारांची टोकं धरून स्टेटर बादलीसारखा उचलला.

कँटीनमध्ये सगळ्या बायका एकदम ओरडल्या. काकी उभ्या राहिल्या, टीव्हीलाच म्हणाल्या, "मेल्या, लेकराला कानाला धरून उचलतोस व्हय!"

पुढच्या आठवड्यात आम्ही आमची फिल्म पाठवली. स्टेटर कसा धरायचा, तारेची टोकं कशी गुंडाळून ठेवायची. पलूसहून पुढची कॅसेट आली तेव्हा टेम्पोच्या तळाला पोती अंथरलेली होती आणि माल उतरवणारा तो माणूस लाजत लाजत स्टेटर दोन्ही हातांनी धरून दाखवत होता. मोटारी जळून परत यायचं प्रमाण पाहता पाहता घटलं. फोनवरची भांडणं थांबली. मालकांनी स्वतः कँटीनमध्ये येऊन पेढे वाटले.

आणि आम्हाला एक माणूस मिळालं. पलूसची ती बाई. तिला मी कधी भेटले नव्हते, पण तिचं घर, तिच्या दारातलं लिंबाचं झाड, तिची तापानं फणफणलेली लहान लेक, सगळं मला ठाऊक होतं. कामाचं दाखवून झालं की ती शेवटी कॅमेरा स्वतःकडं फिरवायची आणि दोन वाक्यं बोलायची. "सातारच्या बाई, तुमच्या त्या काकींची पाठ बरी हाय का?" मीही उत्तर द्यायची. टेम्पोतून आम्ही कंदी पेढे पाठवायचो, तिकडून कागदाच्या पुडीत बेदाणे यायचे. फोरमन एकदा कुरकुरले, कंपनीच्या कॅसेटवर घरच्या गप्पा कशाला. मॅडम म्हणाल्या, "असू द्या हो. माणसं एकमेकांशी बोलली म्हणूनच तर माल नीट जातोय."

मॅडमबद्दल तेव्हा कुणी वाकडं बोललं असतं तर मी भांडले असते.

दिवाळी झाली. सुट्टीवरून परत आल्यावर मॅडम थोड्या गप्प वाटल्या. डबा खाताना त्यांचं लक्ष नसायचं. मी विचारलं, तर म्हणाल्या, घरचं टेन्शन. मग त्यांनी नवीन कल्पना सांगितली. पलूसच्या लोकांना वाइंडिंग नीट समजलं तर ते त्याची आणखी कदर करतील. तेव्हा आता पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक पायरी काढायची. एका फिल्ममध्ये फक्त तारेआधी खाचेत कागदाचं अस्तर घालणं. एकात फक्त तार भरणं. एकात फक्त दोरा. "अगदी जवळून काढ. बोटं दिसली पाहिजेत. काकींना सावकाश करायला सांग."

याआधीच्या फिल्मा काय काढायच्या ते आम्ही ठरवत होतो. या मॅडमनी ठरवल्या. तेव्हा त्यात मला काही खटकलं नाही.

काकींना मात्र खटकलं. दोरा बांधायची त्यांची एक गाठ होती. ती त्यांनी स्वतः वर्षानुवर्षं करून करून बसवली होती, खात्यात दोघीतिघींनाच यायची. कॅमेरा जवळ नेल्यावर त्यांनी हात आखडता घेतला. "ही बी दावायची? आपल्या हातातलं सगळं काढून दिल्यावर हातात ऱ्हातं काय गं?"

"काकी, आपलीच माणसं आहेत ती."

काकींनी माझ्याकडं बघितलं, मग गाठ सावकाश बांधून दाखवली. मग सोडून पुन्हा बांधली, म्हणजे नीट कळावं.

त्याच सुमारास मॅडम म्हणाल्या, "नुसतं काम नको, तुमच्या अडचणीपण बोला. कॅसेट मी वर पोचवते. साहेब लोक प्रत्यक्ष तुमच्या तोंडून ऐकतील." अडचण एकच होती, व्हार्निशची. भट्टीच्या खोलीत वाफ कोंडून राहायची. डोळे लाल व्हायचे, छाती भरून यायची. वाफ बाहेर ओढणारा पंखा भिंतीत बसवा, असं आम्ही कितीदा तोंडी सांगितलं होतं. मी पहिल्यांदाच कॅमेरा दुसरीच्या हातात दिला आणि स्वतः समोर उभी राहिले. मी जे बोलले ते मला अजून शब्द न् शब्द आठवतं. "घरी गेलं तरी डोळ्यांची आग होते. लेकराला जवळ घेतलं तर ते म्हणतं, आई, तुझा वास येतो. कधी कधी वाटतं, नको हे काम. पण हे काम आमचं आहे. आम्ही ते हाताला फोड आणून शिकलोय. आम्हाला ते सोडायचं नाही. भिंतीत एक पंखा बसवून द्या, एवढंच मागणं आहे."

मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "छान बोललीस."

ऊस संपत आला होता, हंगाम आटोपून साखर कारखान्यांचे पट्टे पडायला लागले होते, तेव्हाची गोष्ट. शनिवारी चहाला सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं. आम्हाला वाटलं पलूसची कॅसेट आली. टीव्ही लागला. पडद्यावर मालक होते. त्यांच्या ऑफिसातली खुर्ची, मागं कॅलेंडर. असा कॅमेरा मी धरला नसता. चेहरा खाली आणि वर नुसती भिंत. ते समोरच्या कागदावर बघून वाचत होते. कंपनीचा खर्च, वाहतूक, स्पर्धा, असं काही काही. आणि मग, वाइंडिंग खातं साताऱ्यातून पलूसला हलवण्यात येत आहे. ज्यांना पलूसला यायचं असेल त्यांचं स्वागत आहे. ज्यांना जमणार नाही त्यांचा हिशोब नियमाप्रमाणे केला जाईल. सातारच्या भगिनींनी आपलं कौशल्य इतक्या मोकळ्या मनानं पलूसच्या सहकाऱ्यांना दिलं, त्याबद्दल कंपनी आभारी आहे.

हे शेवटचं वाक्य त्यांनी वर बघून म्हटलं.

साताऱ्याहून पलूसला रोज जाऊन येऊन काम करणं जमण्यासारखं नव्हतं, तिथं जायचं म्हणजे घर सोडायचं. ते त्यांनाही ठाऊक होतं, आम्हालाही. एक जण उठून टीव्हीकडं बघून म्हणाली, "आवं साहेब, आमी काय चुकलो?" मालक कागद गोळा करत होते. दुसरी ओरडली, "पोरांच्या शाळा हाईत हितं!" पडद्यावर मुंग्या आल्या. ज्या टीव्हीतल्या माणसाशी आम्ही इतके महिने बोलत होतो, ज्यातून आम्हाला उत्तर यायचं, त्याच टीव्हीसमोर बायका उभ्या होत्या आणि ओरडत होत्या. मालक त्या दिवशी साताऱ्यात नव्हतेच. भिंतीपाशी मॅडम उभ्या होत्या, हातात रिमोट. त्यांनी टीव्ही बंद केला.

मी त्यांच्यामागोमाग त्यांच्या खोलीत गेले. आत दोन व्हिडिओ मशिनं वायरनं एकमेकांना जोडलेली असायची, एकावरून दुसऱ्यावर हवं तेवढंच उतरवून घ्यायला. मॅडम त्यांच्याकडं पाठ करून उभ्या राहिल्या.

"तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

त्यांनी रिमोट टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "दिवाळीनंतर."

"म्हणजे बोटांच्या फिल्मा काढायच्या आधी."

"मला सांगायची परवानगी नव्हती गं. आणि पलूसला शिकवायला माणसं पाठवण्यापेक्षा फिल्म…" त्यांनी वाक्य सोडून दिलं. "मी हे मनापासून सुरू केलं होतं. तुझ्या गळ्याची शपथ."

"माझ्या गळ्याची नको. सुरू मनापासून केलंत, ते दिसलं आम्हाला. संपवलंत कशानं?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मूर्खासारखं मला त्यांचंच वाईट वाटलं. मी पाण्याचा तांब्या त्यांच्या पुढं केला आणि बाहेर आले. दिवाळीपासून त्या दिवसापर्यंत त्या रोज माझ्या शेजारी बसून माझी भाकरी खात होत्या, हे मला नंतर, घरी चुलीसमोर बसल्यावर आठवलं. त्या संध्याकाळी भाकरी थापवेना. नवरा म्हणाला, "बाहेरनं वडापाव आणू का?" मी हो म्हटलं.

खात्यातल्या बायकांनी मला काही बोल लावला नाही, निदान तोंडावर. पण एसटी स्टँडपर्यंत चालत जाताना बोलणं मी जवळ आले की थांबायचं. कुणीतरी म्हटलेलं माझ्या कानावर आलं, "कॅमेरा हिच्याच हातात हुता की. हिला ठाव नसंल व्हय?" काकींना ते पटलं नसावं, पण त्या माझ्या बाजूनंही काही बोलल्या नाहीत. शेवटच्या दिवशी त्यांनी बांबूची पट्टी पिशवीत टाकली, सगळ्यांच्या गळ्यात पडल्या, माझ्यापाशी आल्यावर नुसता गालावर हात ठेवला आणि गेल्या. मला वाटलं होतं त्या काहीतरी बोलतील. एक शिवी दिली असती तरी चाललं असतं.

मग राग दुसरीकडं वळला. पलूसच्या बाईकडं. तिलाही ठाऊक असणार. ती काकींची गाठ बघत होती ते शिकायलाच बघत होती. लेकीच्या तापाचं, बेदाण्याचं, सगळं नाटक. काम सुटल्यावर घरी बसून हेच डोक्यात. एका सकाळी मी नवऱ्याला सांगून निघाले, कराडला एसटी बदलली आणि दुपारी पलूसला उतरले. कारखान्याच्या गेटबाहेर चिंचेखाली उभी राहिले. तिला चार शब्द सुनवायचे आणि परतीची गाडी धरायची, इतकंच ठरवलं होतं.

सुट्टी झाली. बायकांच्या घोळक्यात ती होती. टीव्हीत वाटायची त्यापेक्षा ठेंगणी. मी हाक मारायच्या आधी तिनंच मला बघितलं. "अगं बया! टीव्हीतली सातारची बाई!" धावत आली आणि मला मिठीच मारली. माझे हात खाली होते. तिला ते जाणवलं. मागं सरकून माझ्या तोंडाकडं बघितलं. "काय झालं?"

"तुम्हाला विचारायचंय मला, काय झालं ते."

तिनं माझं मनगट धरलं. "हितं नगं. घरी चला."

दारातलं लिंबाचं झाड मी लगेच ओळखलं. तिनं चहा ठेवला. मी चहाला हात न लावता म्हणाले, "आमचं काम काढून घेतलंत. निदान आधी एका शब्दानं सांगायचं."

ती चुलीपुढून उठून आली. "काढून घेतलं? आमी? आवं, तुमीच नगं म्हनला न्हवं?"

"कोण म्हणालं?"

"तूच." ती आता अरेतुरेवर आली होती, रागानं नाही, गोंधळून. "तुझ्याच तोंडानं. आमास्नी कँटीनमदी दावलं. फोरमन म्हनला, सातारच्या बायकास्नी हे काम जड जातंय, त्यांनीच सोडलंय, तवा आता तुमी शिका. मी म्हनलं, न्हाई, ती तसं बोलायची न्हाई. तवा तुजी फिल्म लावली."

मी म्हटलं, मला बघायचीय. बायका सरावासाठी ती कॅसेट आळीपाळीनं घरी नेत होत्या. शेजारी व्हिडिओ भाड्यानं देणाऱ्याचं घर होतं. तिनं कॅसेट आणली, त्यानं लावून दिली. आम्ही दोघी जमिनीवर बसलो. त्या घरातली माणसं जेवत होती, तीही बघू लागली.

पडद्यावर मी आले. घाबरलेली, पदर चापून चोपून घेतलेली. "घरी गेलं तरी डोळ्यांची आग होते. लेकराला जवळ घेतलं तर ते म्हणतं, आई, तुझा वास येतो. कधी कधी वाटतं, नको हे काम." चित्र क्षणभर हललं, दोन आडव्या रेघा गेल्या आणि काकींचे हात आले. गाठ बांधत होते.

"पुन्हा लावा," मी म्हणाले.

पुन्हा तेच. नको हे काम, दोन रेघा, काकींचे हात.

मी त्या माणसाच्या घरात, अनोळखी लोकांच्या जेवणात, मोठ्यानं म्हटलं, "याच्या पुढं आहे अजून. पण हे काम आमचं आहे, असं म्हटलंय मी. सोडायचं नाही असं म्हटलंय. पंखा मागितलाय." मला दिसत होती ती मॅडमच्या खोलीतली वायरनं जोडलेली दोन मशिनं. ती चालवायला कंपनीत मॅडमशिवाय कुणाला येत नव्हतं. मालकांनी काम काढून घेतलं ते एक वेळ मी समजू शकले असते, कारखाना त्यांचा. पण माझं तोंड, माझा आवाज घेऊन माझ्याच विरुद्ध साक्ष उभी केली होती, आणि ती मॅडमच्या हातानं. पाण्याचा तांब्या पुढं केलेला आठवला आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

परत तिच्या ओट्यावर येऊन बसलो. अंधार व्हायला अजून अवकाश होता, उसाची शेवटची गाडी रस्त्यानं कुरकुरत चालली होती. तिनं कॅसेट पदराखाली ठेवली. मग म्हणाली, "तरीच. मी तवाच म्हनलं हुतं, ही असं बोलायची न्हाई. पर डोळ्यानं बघितल्यावर कसं न्हाई म्हनू?" आणि थोड्या वेळानं, "मग आता मी काय करू? सोडू का काम?"

तिनं ते खरंच विचारलं होतं. घरात नवरा आजारी, लेक शाळेत, आणि याआधी ती लोकांच्या द्राक्षबागेत रोजानं जायची. मी "सोड" म्हटलं असतं तर तिनं कदाचित सोडलंही असतं. मला तसं म्हणावंसं वाटलं, हे खोटं का सांगू. पण तिच्यापाठोपाठ दुसरी कुणी बसली असती, इतकंच.

"सोडू नको," मी म्हणाले. "व्हार्निशच्या खोलीत पाऊल टाकायच्या आधी पंखा माग. सगळ्याजणी मिळून मागा. बसवल्याशिवाय आत जाऊ नका."

तिनं मला स्टँडवर पोचवलं. गाडीत बसल्यावर खिडकीतून बेदाण्याची पुडी दिली. मी घेतली. कराडपर्यंत ती मांडीवर तशीच होती, नंतर शेजारच्या बाईच्या पोराला देऊन टाकली.

पंखा त्यांनी मागितला आणि त्यांना मिळाला. टेम्पोचा ड्रायव्हर मला बाजारात भेटला तेव्हा त्यानं सांगितलं. "वहिनी, लय मोठा बसवलाय. वाफ अशी भसाभसा भाईर जाती." मला चांगलं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण घरी जाऊन मी धुण्याचे पिळे इतके आपटले की नवऱ्यानं बाहेर येऊन बघितलं.

मला काम मिळालं. जळालेल्या मोटारी पुन्हा भरून देणाऱ्या एका दुकानात बाकावर बसले आणि पुढं बरीच वर्षं तिथंच राहिले. काकींची भेट रहिमतपूरच्या बाजारात एकदा झाली. मी त्यांना पलूसला काय बघितलं ते सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाल्या, "तू खोटी न्हाईस, ते मला तवा बी ठाव हुतं." मग तेव्हा का बोलला नाहीत, असं मी विचारलं नाही. त्यांनी मला जुडीभर मेथी घेऊन दिली.

मॅडम कंपनी सोडून गेल्याचं कळलं होतं. एकदा सातारा स्टँडवर पुण्याच्या फलाटाजवळ त्या दिसल्या. त्यांनीच हाक मारली, जवळ आल्या, विचारलं, "कशी आहेस?" मी म्हटलं, "बरी आहे. एकच विचारते. माझं बोलणं मधेच तोडलं, ते तुम्हीच ना?"

त्यांनी नाकारलं नाही, एवढं त्यांच्या बाजूनं सांगते. म्हणाल्या, "मला वाटलं, पलूसच्या बायकांच्या मनावर ओझं नको. आपण कुणाच्या पोटावर पाय देतोय असं वाटून त्यांचा हात बसला नसता."

"त्यांच्या मनाचा विचार केलात."

"हो."

"आणि माझ्या?"

त्यांची गाडी लागली होती, लोक दारात गर्दी करत होते. त्या बॅग उचलून चढल्या. खिडकीतून त्यांनी हात केला की नाही मला माहीत नाही, मी तोपर्यंत वळले होते.

पलूसच्या बाईनं संबंध सोडला नाही. संक्रांतीला कुणाबरोबर तरी तिळगूळ यायचा. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा ती स्वतः साताऱ्याला आली, माझ्या घरी अक्षता ठेवल्या, चहा घेतला, माझ्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. निघताना चपला घालता घालता म्हणाली, "येशील नव्हं?"

"बघू," मी म्हणाले.

"बघू म्हंजी न्हाई." ती हसली, तुटका दात दिसला. "तुला माझा अजून राग येतो का गं?"

"तुझा नाही."

"पर मला बघितलं की ते आठवतं."

मी तिची पिशवी तिच्या हातात दिली. तिनं मान हलवली, जणू काही बाजारभाव ऐकला आणि तो तिला अपेक्षितच होता. मग पदर खोचून स्टँडच्या रस्त्याला लागली. लग्नाच्या दिवशी मी दुकानात एका विहिरीच्या मोटारीचं वाइंडिंग भरत होते. आहेराची साडी मी आदल्या दिवशीच पलूसच्या गाडीत पाठवून दिली होती.